चतकोर दुखणं

निर्गुडीवर काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग म्हणतो, "त्यात काय तपासायचंय? आमच्या आजीला माहीत होतं." जालन्यात मला असा एकही माणूस भेटलेला नाही ज्याच्या आजीला निर्गुडी माहीत नव्हती. रिक्षावाल्याच्या आजीला माहीत होती, बँकेतल्या कॅशियरच्या आजीला माहीत होती. आमच्या प्राचार्यांच्या आजीला तर इतकी माहीत होती की स्टाफ मीटिंग अर्धी त्यातच गेली. पाला तव्यावर गरम करायचा, गुडघ्यावर ठेवायचा, वरून फडकं बांधायचं, सकाळी माणूस चालायला लागतो. मी म्हणते, लागत असेल. पण पाल्यानं लागतो, का गरम फडक्यानं लागतो, का रात्रभर पाय हलवला नाही म्हणून लागतो, हे कुणी बघितलंय का? यावर समोरचा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो आणि विचारतो, "मॅडम, एखादी बाटली मिळंल का?"

मी जालन्यात एका फार्मसी कॉलेजात शिकवते. शिकवता शिकवता पीएचडीचं काम चालू आहे. निर्गुडीच्या पाल्याचा अर्क दुखण्यावर आणि सुजेवर खरंच चालतो का, हे बघायचं. ऐकायला एका ओळीचं वाटतं. करायला घेतलं की कळतं. पाला बांधावरून तोडून आणायचा, सावलीत वाळवायचा, त्याची भुकटी करायची, ती अल्कोहोलात भिजवून गाळायची, अल्कोहोल उडवायचं, आणि शेवटी भांड्याच्या बुडाशी हिरवट काळा चिकटा उरतो तो खरवडून घ्यायचा. पोतंभर पाल्याचा वाटीभर सुद्धा निघत नाही. हाताचा वास आठवडाभर जात नाही. नवरा म्हणायचा, तू घरात आलीस की डास बाहेर जातात. तेवढा एक फायदा झाला.

सुरुवात उंदरांपासून झाली. प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीची परवानगी घ्यायची, उंदराच्या पंजाला थोडी सूज आणायची, काहींना अर्क द्यायचा, काहींना नुसतं पाणी, आणि सूज किती उतरली ते मोजायचं. मला उंदरांचं कौतुक कधी वाटलं नव्हतं, पण आता वाटतं. ज्यांना अर्क दिला त्यांची सूज उतरली. ज्यांना पाणी दिलं त्यांची तशीच राहिली. कुणी कुणाला वाचवलं नाही, कुणाला माझी दया आली नाही. पुढं माणसांशी गाठ पडल्यावर मला त्या पिंजऱ्यांची फार आठवण आली.

निर्गुडीच का घेतली, असं पीएचडीच्या मुलाखतीत विचारलं होतं. तिथं मी उपलब्धता, परंपरा, आधीचं संशोधन वगैरे उत्तर दिलं. खरं कारण आई.

आई हसनाबादच्या अलीकडच्या आमच्या गावात राहते. जन्म मिरच्या तोडण्यात आणि कापूस वेचण्यात गेला. वाकून वाकून दोन्ही गुडघे गेले. किराणा दुकानात एक लाल गोळी मिळते, सुटी, कागदात बांधून. ती घेतली की दुखणं थांबतं. आई कित्येक वर्षं ती गोळी चहासारखी घेत होती. मग पायावर सूज यायला लागली म्हणून तिला जालन्याला आणलं, रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "किडनीवर ताण आलाय. ही गोळी बंद म्हणजे बंद. नाहीतर पुढं माझ्या हातात काही राहणार नाही." आईनं मान हलवली. दवाखान्याचा जिना एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरताना, अर्ध्यावर थांबून तिनं मला विचारलं, "मंग मी चालू कशी?"

मला या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. पीएचडी, पगारवाढ, नावामागं डॉक्टर, हे सगळं त्याच्यानंतरचं. गोळीच्या जागी तिच्या हातात काहीतरी ठेवायला हवं होतं, आणि ते खरोखर चालणारं हवं होतं.

उंदरांनंतर माणसांची पाळी आली. तिळाच्या तेलात अर्क मिसळून गुडघ्याला चोळायचं तेल केलं. अर्ध्या बायकांना ते द्यायचं, अर्ध्यांना नुसतं तिळाचं तेल, रंग आणि वास सारखाच दिसेल असं करून. कुणाला काय मिळालं ते त्यांनाही कळायचं नाही आणि मलाही नाही. बाटल्यांवर फक्त आकडे. कोणत्या आकड्यात काय आहे ते एकट्या माझ्या मार्गदर्शक सरांना ठाऊक. आधी शहरात प्रयत्न केला. बाटली न्यायला झुंबड, आणि तपासणीच्या दिवशी चिटपाखरू नाही. शेवटी मी म्हटलं, सर, माझ्या माहेरी करू. तिथं गुडघे भरपूर आहेत आणि बायका मला टाळणार नाहीत. सर म्हणाले, "करा. पण घरचं माणूस यात घ्यायचं नाही." म्हणून आईला यात धरलं नाही. तिला अर्काच्या तेलाची बाटली मी वेगळी दिली.

नमनाला घडाभर तेल म्हणतात, माझं तर सगळं कामच तेलाचं होतं. आमच्या पत्र्याच्या पडवीत गल्लीतल्या बायका जमल्या. मी नीट समजावून सांगितलं. नियमच आहे तसा, लपवून काही करायचं नाही. म्हटलं, काही बाटल्यांत औषध आहे, काहींत नाही.

शेजारची काकू, आईची मैत्रीण, लगेच म्हणाली, "नसंल ते कामून देऊन राह्यली मंग? समद्यांना औषधाचंच दे ना. पाला कमी पडला का? आमच्या बांधावर लई हाय."

मी पुन्हा सांगितलं की फरक बघायचा आहे. दोन्हींत फरक पडला तरच औषध खरं.

"आन् फरक न्हाई पडला तर?"

"तर औषध खोटं."

"मंग तुझं काय?"

"माझं काय? पुन्हा पहिल्यापासून."

काकूनं आईकडे बघितलं, आईनं काकूकडे. मला वाटलं समजलं दोघींना. समजलं होतंच, पण काय समजलं ते मला फार उशिरा कळलं.

पुढचं घोडं अडलं ते दुखणं मोजण्यावर. गुडघ्याचा घेर टेपनं मोजता येतो, बसलेलं उठून पडवीच्या टोकापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघता येतं. पण दुखतं किती, हे माणसालाच विचारावं लागतं. पुस्तकात लिहिलंय, शून्य ते दहा असा आकडा विचारा. पुस्तक लिहिणारा आमच्या गावात कधी आला नसावा.

"काकू, दहापैकी किती दुखतं?"

"दहा काय?"

"दहा म्हणजे सगळ्यात जास्त, सहन न होणारं."

"मंग दहा कामून, शंभर लिही."

दुसरी म्हणाली, सकाळचं सांगू का संध्याकाळचं. तिसरी म्हणाली, उजव्याचं वेगळं आणि डाव्याचं वेगळं, का बेरीज करून. एकीनं तर सरळ विचारलं, तुला किती पाहिजे? मी डोक्याला हात लावला. त्यातून हे शेवटचं हसतहसत विचारलेलं, म्हणून मी तिकडं लक्षच दिलं नाही.

त्या दिवशी चुलीपुढं बसून जेवताना सुचलं. आईनं भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली, चतकोर स्वतःला घेतली. मी म्हटलं, आई, गुडघा किती दुखतो? अख्खी भाकरी, पाऊण, अर्धी, का चतकोर? आई क्षणभरही न थांबता म्हणाली, "पाऊण." जे दहा आकड्यांनी झालं नाही ते भाकरीनं झालं. सरांना फोन केला तर ते वैतागले. "मॅडम, शोधनिबंधात भाकरी लिहिणार का तुम्ही?" मी म्हटलं, सर, मग तुम्ही या आणि विचारा. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, कागदावर गोल काढा, सांगतील तेवढा भाग भरा, तोंडानं भाकरी म्हणा नाहीतर पुरणपोळी. मी तेच केलं.

पहिल्या गुरुवारी गोल जवळजवळ भरलेले होते. अख्खी, पाऊण, अख्खी, पाऊण. त्यानंतर दर गुरुवारी मी स्कूटीवर जायचे. बायका आधीच येऊन बसलेल्या असायच्या. आईचा गुडघाही मोजायचे. अभ्यासात धरायचा नव्हता, पण न मोजावा तर ती दिवसभर बोलली नसती. गावाला टेप लावते आणि आईला लावत नाही म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. परत निघताना स्कूटीच्या पायापाशी काहीतरी असायचंच. ज्वारी, वाळल्या मिरच्या, एकदा तर भला मोठा भोपळा. लेक गावातून रिकाम्या हातानं जात नसते. मी नको म्हणायचे, कुणी ऐकायचं नाही.

आणि गोल रिकामे व्हायला लागले. पाऊणाची अर्धी झाली, अर्धीची चतकोर. टेपवर मात्र घेर फार हलत नव्हता, पण बायका उठून चालायच्या अशा की मला माझ्या घड्याळावर शंका यायची. आईही चतकोर. पुरणपोळ्या करून, ताट वाढून, पडवीत चालत आली आणि म्हणाली, "चतकोर लिही. तुझं तेल लई गुणाचं हाय." त्या दिवशी परतताना मी राजूरच्या रस्त्यावर टपरीवर थांबले, चहा घेतला आणि एकटीच हसत बसले. टपरीवाला म्हणाला, ताई, पेपरात पास झाल्या का? मी म्हटलं, झाले असं समजा.

सगळे आठवडे पूर्ण झाल्यावर आकडे सरांकडे दिले. सरांनी कोणत्या बाटलीत काय होतं ते उघड केलं, मांडणी केली आणि मला बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, बातमी वाईट आहे.

"मॅडम, तुमच्या अर्कानं बायकांचं दुखणं चतकोरावर आलं."

"हो सर."

"साध्या तेलानंही चतकोरावरच आलं. अगदी बरोबर तेवढंच."

मी कप खाली ठेवला.

"तुमच्या गावचं तिळाचं तेल फारच गुणकारी दिसतंय," सर म्हणाले.

पुढचे दिवस मी वेड्यासारखी चूक शोधत होते. बाटल्या अदलाबदल झाल्या का? घाण्यावरच्या माणसानं तेलात काही घातलं का? रंगासाठी टाकलेल्या थेंबात काही गुण होता का? घाण्याच्या मालकाला जाऊन विचारलं तर तो उखडला, म्हणाला तीन पिढ्या शुद्ध तेल विकतोय. कॉलेजात स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, "अहो, तिळाचं तेल असतंच गुणकारी. आमच्या आजीला माहीत होतं." मी तिथून उठून गेले. नाहीतर त्यांच्या आजीबद्दल काहीतरी बोलून बसले असते.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्याच आठवड्यात आईचं रक्त पुन्हा तपासायचं होतं. किडनीचा आकडा खाली यायला हवा होता, निदान जागेवर राहायला हवा होता. तो वर गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू आहे का? आई म्हणाली, "न्हाई." मीही म्हणाले, नाही डॉक्टर, गरजच पडत नाही, दुखणं कमी आहे, मी स्वतः दर आठवड्याला मोजते. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मग दुसरं काहीतरी कारण शोधावं लागेल." मला धडकी भरली. गोळी बंद असून वाढतंय म्हणजे हे पुढं कुठं जाणार, असा विचार करत मी आईला एसटीत बसवून दिलं. ती खिडकीतून म्हणाली, जेवत जा वेळेवर.

त्यानंतरच्या सोमवारी कॉलेजला सुट्टी होती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नवीन पथ्य समजावून सांगावं म्हणून मी न कळवता गावी गेले. इतकी वर्षं माहेरी जाते, पण न कळवता मी कधी जात नाही. आईला स्वयंपाकाचं कळवावं लागतं.

दार उघडंच होतं. आई अंगणात होती. उभी नव्हती. बसल्या बसल्या, हात मागं टेकवून, एकेक वीत पुढं सरकत ती रांजणाकडे चालली होती. तांब्या पुढं ठेवायचा, मग आपण सरकायचं, मग पुन्हा तांब्या पुढं. मी फाटकात उभी राहिले.

तेवढ्यात मागून काकू आली, हातात काठी. काकूला काठी लागते हेच मला माहीत नव्हतं. मला बघून ती दचकली.

"तू कशी काय आज? बेस्तरवार हाय का?" आणि आईकडे बघून म्हणाली, "का गं, मला सांगायचं न्हाई का? म्या गोळी घेतलीच न्हाई अजून."

आईनं तांब्या खाली ठेवला.

मला सगळं तिथंच कळलं, पण तरी मी एकेक विचारून काढलं. दर बुधवारी रात्री गल्लीत निरोप फिरायचा. गुरुवारी सकाळी सगळ्या लाल गोळी घ्यायच्या, कुणी एक, कुणी दोन, म्हणजे मी असेपर्यंत दुखायचं नाही. औषध असलेल्या बाटलीवाल्या, नसलेल्या बाटलीवाल्या, सगळ्या. मी गेले की संध्याकाळपासून पुन्हा जशाच्या तशा. गोळ्या आणायचं काम आईकडे होतं. मोहरीच्या डब्यात मोहरीखाली पुडी होती. मी ती काढून ओट्यावर आपटली.

"तुला डॉक्टरनं काय सांगितलं होतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. गल्लीत ऐकू जात असणार, जाऊ दे म्हटलं.

आई तशीच सरकत आत येऊन दाराशेजारच्या भिंतीला टेकून बसली होती. "मी रोज घेत न्हाई. बेस्तरवारीच. बुधवारी पुरण शिजवायला उभं राहावं लागतं, तेव्हा एक."

"पुरण कुणी सांगितलं होतं?"

"लेक येते अन् काय भाकरीवर धाडू?"

काकू मध्ये पडली. "तिला नको बोलू. आमचं समद्यांचंच ठरलं. तूच म्हणली न्हाई का, फरक न्हाई पडला तर तुझं पुन्हा पहिल्यापासून. गावच्या लेकीचं औषध तिच्याच गावात चाललं न्हाई, असं लोकं म्हणले असते. आमाला बरं दिसतं का ते?"

"पण त्यामुळंच तर फरक कळला नाही," मी म्हणाले. "साध्या तेलवाल्यांनीही चतकोरच सांगितलं."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू हळूच म्हणाली, "आता कुणाच्यात औषध हाय ते तू सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर तेवढ्यांनीच घेतल्या असत्या."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि त्या दोन्हीपेक्षा राग जास्त आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. परक्यानं असं काम बुडवलं असतं तर त्याला चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. यांना काय म्हणू? वर्षाचं काम यांनी मातीत घातलं होतं आणि तेही माझी ओटी भरल्यासारखं, आग्रहानं, पोट दुखेपर्यंत गोळ्या खाऊन.

आई म्हणाली, "तू इथून कधी रिकाम्या हातानं गेली न्हाई. ज्वारी न्यायला आली, ज्वारी दिली. मिरच्या दिल्या. ह्या येळेला तू आकडे न्यायला आल्ती. आकडे दिले."

मी पुडी उचलली, अंगणात नेऊन मोरीत पाण्याखाली धरली. लाल पाणी वाहत गेलं. आई दारातून बघत होती. सगळं गेल्यावर तिनं तेच विचारलं, जे तिनं दवाखान्याच्या जिन्यावर विचारलं होतं.

"मंग मी चालू कशी?"

"मला माहीत न्हाई," मी म्हणाले. माहेरी गेल्यावर रागात माझी भाषाही माहेरची होते. "मला माहीत न्हाई, आई. तेच तर बघून राह्यले मी. तुझ्यासाठीच बघून राह्यले, अन् तूच मला बघू देत न्हाईस."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, कारण तिथं उभं राहून काय करायचं तेच समजत नव्हतं. चहा झाल्यावर तिला पाठीमागून धरून उठवलं आणि खाटेवर बसवलं. ती वजनानं किती कमी झाली होती ते मला तेव्हा कळलं. इतके गुरुवार मी तिच्या गुडघ्याला टेप लावत होते.

सरांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आता ओरडतील. ते फोनवर एवढंच म्हणाले, "सगळं रद्द. समितीला कळवा, नव्यानं परवानगी घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. दुसऱ्या गावात करा." मी म्हटलं, सर, दुसऱ्या गावातही कुणाची तरी लेक म्हणूनच जावं लागेल मला. त्यापेक्षा ह्यांना माझा राग तरी माहीत झालाय. सर कुरकुरत कबूल झाले, एवढ्या अटीवर की दर वेळी गोळीचं विचारायचं आणि कधी यायचं ते आधी कळवायचं नाही.

समितीची परवानगी यायला किती महिने गेले ते सांगत नाही, माझंच डोकं फिरेल. त्या काळात आईनं निर्गुडीचा पाला, शेक, तेल, काठी, सगळं केलं. गोळी घेतली नाही. दुकानदाराला मी स्वतः जाऊन सांगून आले होते, आणि काकूनं त्याला माझ्यापेक्षा वाईट शब्दांत सांगितलं होतं. रक्ताचा आकडा खाली आला नाही, पण वर जायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, सध्या एवढंच पुष्कळ.

मग एका मंगळवारी मी पुन्हा पडवीत सतरंजी टाकली. त्याच बायका आल्या. या वेळी ताठ चालत नव्हे, लंगडत, भिंत धरत, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकत आल्या. मी सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणाले, एवढ्या खेपेला मला रिकाम्या हातानं जाऊ द्या. जे आहे तेच द्या, काही नसलं तर काहीच देऊ नका.

काकू पहिली बसली. मी टेप लावली, घेर लिहिला, विचारलं, "काकू, किती?"

काकूच्या तोंडून सवयीनं निघालं, "चतको..." आणि ती थांबली. माझ्याकडे बघायला तिला जमेना. इतक्या दुरून आलेल्या पोरीच्या तोंडावर अख्खी म्हणायचं तिला जडच जात होतं, हे मला दिसत होतं, आणि तरी माझा संताप होत होता.

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती तिथून निघाली. भिंतीला हात लावत, थांबत, सतरंजीपर्यंत आली, काकूच्या शेजारी कशीबशी खाली बसली आणि पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"माझं लिही आधी," ती म्हणाली.

तिचं या अभ्यासात धरायचंच नव्हतं. तरी मी एक कोरा कागद घेतला, त्यावर गोल काढला.

"किती, आई?"

"अख्खी." मग बायकांकडे बघून, त्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "रोजचीच हाय. तुला कधी सांगितली न्हाई."

मी गोल भरायला घेतला. पडवीत सगळ्या जणी माना पुढं काढून बघत होत्या. गोल पूर्ण काळा झाला तेव्हा काकूनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि म्हणाली, "माझीबी अख्खी लिही." तिच्यामागची म्हणाली, पाऊण. तिच्यामागची म्हणाली, अख्खी. मी एकेक गोल भरत गेले.